परक्या भाषेत बुडी: सेंट लँबर्टची शाळा, १९६५

(१) सप्टेंबर १९६५. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरासमोर, सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण तीरावर असलेल्या सेंट लँबर्ट या उपनगरात बालवाडीचा एक नवा वर्ग सुरू झाला. वर्गात २६ मुले होती आणि ती सारी इंग्रजी भाषक घरांतून आलेली होती. शिक्षिका मात्र पहिल्या दिवसापासून केवळ फ्रेंच बोलत होती. मुलांना ती भाषा कळत नव्हती आणि पालकांना हे पुरते ठाऊक होते. किंबहुना त्यासाठीच त्यांनी सुमारे दोन वर्षे खटपट करून हा वर्ग मिळवला होता. आज 'फ्रेंच इमर्शन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिक्षणपद्धतीचा हा सर्वांत प्रसिद्ध प्रारंभ. त्या वर्गाचा आणि त्यातून निघालेल्या, पण पुष्कळदा अर्धाच सांगितल्या जाणाऱ्या निष्कर्षाचा हा इतिहास. #इतिहास #थ्रेड

(२) प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. इमर्शन म्हणजे बुडवणे, निमज्जन. या पद्धतीत परभाषा हा वेळापत्रकातील एक विषय नसतो. गणित, परिसर अभ्यास, चित्रकला, खेळ हे सारे त्या भाषेतून शिकवले जाते आणि ते शिकता शिकता भाषा येत जाते. पोहण्याचे नियम काठावर बसून पाठ करण्याऐवजी मुलाला थेट पाण्यात उतरवावे, तसा हा प्रकार. आता प्रश्न असा की, ज्यांची स्वतःची भाषा साऱ्या उत्तर अमेरिका खंडावर राज्य करत होती, त्या इंग्रजी भाषक पालकांना आपली मुले फ्रेंच भाषेत बुडवण्याची गरज का वाटली? त्याचे उत्तर क्वेबेक प्रांताच्या इतिहासात आहे.

(३) क्वेबेक ही मूळची फ्रेंच वसाहत. १७५९ मध्ये इंग्रजांनी क्वेबेक शहर जिंकले आणि १७६३ च्या पॅरिस तहाने संपूर्ण वसाहत ब्रिटिशांकडे गेली. राज्यकर्ते बदलले, प्रजा मात्र फ्रेंच भाषक आणि कॅथलिक राहिली. पुढील दोन शतकांत एक विचित्र रचना स्थिरावली. प्रांतातील सुमारे ८० टक्के लोक फ्रेंच बोलत. मॉन्ट्रियलमधील बँका, रेल्वे, विमा कंपन्या आणि मोठे कारखाने यांच्या वरच्या मजल्यांवर मात्र इंग्रजी चाले. कामगाराची भाषा फ्रेंच, मालकाची इंग्रजी. बहुसंख्यांची भाषा शिकण्याची गरज अल्पसंख्य इंग्रजी भाषकांना क्वचितच भासे.

(४) ही विषमता आकड्यांतही दिसत होती. द्विभाषिकता आणि द्विसांस्कृतिकता यांवरील राजकीय आयोग १९६३ मध्ये नेमण्यात आला. त्याने १९६१ च्या जनगणनेच्या आधारे क्वेबेकमधील पुरुषांच्या उत्पन्नाची वांशिक गटांनुसार तुलना केली. १४ गटांत फ्रेंच वंशाच्या लोकांचा क्रमांक १२ वा होता, तोही त्यांच्याच प्रांतात. त्याआधी, नोव्हेंबर १९६२ मध्ये, सरकारी मालकीच्या कॅनेडियन नॅशनल रेल्वेचे अध्यक्ष डोनाल्ड गॉर्डन यांना एका संसदीय समितीपुढे विचारण्यात आले की, कंपनीच्या उपाध्यक्षांमध्ये एकही फ्रेंच कॅनेडियन का नाही. पदोन्नती गुणवत्तेवर होते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. मॉन्ट्रियलमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी गॉर्डन यांच्या पुतळ्याचे दहन केले.

(५) दोन्ही समाजांना वेगळे ठेवणारी सर्वांत भक्कम भिंत होती शाळेची. १८६७ च्या ब्रिटिश नॉर्थ अमेरिका कायद्यातील ९३ व्या कलमाने धर्माधिष्ठित शाळांना संरक्षण दिले होते. परिणामी क्वेबेकमध्ये शाळांची दोन मंडळे होती, एक कॅथलिक आणि दुसरे प्रॉटेस्टंट. फ्रेंच मुले कॅथलिक शाळांत जात. प्रॉटेस्टंट शाळा जवळजवळ पूर्णपणे इंग्रजी होत्या. इंग्रजी भाषक प्रॉटेस्टंट कुटुंबाने मुलाला शेजारच्या फ्रेंच शाळेत घालायचे ठरवले, तरी धर्माचा प्रश्न आड येई. उलटपक्षी प्रॉटेस्टंट शाळांत फ्रेंच मातृभाषा असलेले कॅथलिक शिक्षक सहजी नेमले जात नसत. धर्माच्या नावाने उभारलेली ही भिंत प्रत्यक्षात भाषेची भिंत बनली होती.

(६) ह्यू मॅक्लेनन या कादंबरीकाराने १९४५ मध्ये आपल्या कादंबरीला 'टू सॉलिट्यूड्स' म्हणजे 'दोन एकांत' हे नाव दिले. कॅनडातील दोन भाषिक समाजांचे वर्णन करताना ते पुढे सर्रास वापरले जाऊ लागले. सेंट लँबर्ट हे या एकांतांचे छोटे प्रतिरूपच होते. तेथे इंग्रजी आणि फ्रेंच भाषक दोघेही मोठ्या संख्येने राहत. गल्ली एक, बाजार एक, पण शाळा वेगळ्या, चर्च वेगळी, मुलांचे खेळगडीही वेगळे. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी नमस्कारापलीकडे बोलता येत नाही, अशी अनेक घरांची स्थिती होती.

(७) १९६० मध्ये ज्याँ लसाज यांचा लिबरल पक्ष प्रांतात सत्तेवर आला आणि इतिहासात 'शांत क्रांती' म्हणून ओळखला जाणारा कालखंड सुरू झाला. १९६२ ची निवडणूक वीज कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाच्या प्रश्नावर, 'आपल्या घरात आपणच धनी' या घोषणेवर लढवून जिंकण्यात आली. १९६४ मध्ये प्रांताला शिक्षण मंत्रालय मिळाले आणि शिक्षणावरील चर्चची पकड सैल झाली. या शांत क्रांतीला एक अशांत बाजूही होती. १९६३ मध्ये 'क्वेबेक मुक्ती आघाडी'ने मॉन्ट्रियलच्या वेस्टमाउंट या श्रीमंत इंग्रजी वस्तीतील टपालपेट्यांत बॉम्ब ठेवले. फ्रेंच न शिकता क्वेबेकमध्ये निर्वेधपणे जगण्याचा काळ सरत चालल्याची चाहूल इंग्रजी भाषकांना लागली होती.

(८) याच पार्श्वभूमीवर १९६३ च्या शरद ऋतूत सेंट लँबर्टमधील १२ इंग्रजी भाषक पालक एका घरी जमले. त्यांच्या अभ्यासगटाचे नेतृत्व ओल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलेरी नील या तीन स्त्रियांकडे आले. तिघींपैकी कोणीही शासनाच्या वतीने बोलत नव्हते. त्यांची तक्रार साधी होती. इंग्रजी शाळांत फ्रेंच हा विषय वर्षानुवर्षे शिकवला जातो, मुले परीक्षाही उत्तीर्ण होतात, पण शाळा संपल्यावर दुकानदाराशी चार वाक्ये बोलू शकत नाहीत. याच शाळांतून बाहेर पडलेल्या अनेक पालकांचा स्वतःचा अनुभवही असाच होता.

(९) यामागील कारण शोधणे अवघड नव्हते. दिवसाकाठी थोडा वेळ फ्रेंचचा तास होई. त्यात क्रियापदांची रूपे आणि शब्दांच्या याद्या पाठ करून घेतल्या जात. शिकवणारे शिक्षकही बहुधा इंग्रजी भाषकच असत. भाषा वापरण्याची वेळ मुलावर कधी येतच नसे. मराठी शाळांत संस्कृतची रूपे घोकून उत्तम गुण मिळवलेल्या, पण त्या भाषेत पाणीही मागता न येणाऱ्या विद्यार्थ्याला ही अवस्था चटकन समजेल. फरक इतकाच की, सेंट लँबर्टच्या मुलांसमोर ती भाषा रोज बोलणारा एक संपूर्ण समाज रस्त्याच्या पलीकडे उभा होता.

(१०) पालकांनी मागणी केली ती मुळापासून वेगळी होती: बालवाडीपासूनच मुलांना संपूर्णपणे फ्रेंचमधून शिकवा. ही मागणी त्या काळी धाडसाची होती, कारण तत्कालीन शिक्षणशास्त्रात लहान मुलाच्या डोक्यात दोन भाषा घालणे धोक्याचे मानले जाई. डी. जे. सेअर यांनी १९२३ मध्ये वेल्समधील शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात ग्रामीण भागातील द्विभाषिक मुले बुद्धिमत्ता चाचणीत एकभाषिक मुलांपेक्षा मागे असल्याचे म्हटले होते. अशा अभ्यासांत गरिबी, शाळेचा दर्जा, चाचणीची भाषा यांचा विचार पुरेसा झालेला नसे. तरीही 'दोन भाषांनी मूल गोंधळते' हा समज पालकांत आणि शिक्षकांत पक्का रुजला होता.

(११) हा समज हलवणारे संशोधन नेमके मॉन्ट्रियलमध्येच झाले होते. मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट आणि एलिझाबेथ पील यांनी १९६२ मध्ये दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. (प्राध्यापकांचे आडनाव आणि उपनगराचे नाव यांतील साम्य हा निव्वळ योगायोग.) मुले मॉन्ट्रियलच्या फ्रेंच शाळांतील होती आणि सामाजिक स्तराची तुलना काळजीपूर्वक केली होती. दोन्ही भाषा उत्तम येणारी मुले शाब्दिक आणि अशाब्दिक अशा दोन्ही प्रकारच्या चाचण्यांत एकभाषिक मुलांपेक्षा सरस ठरली. द्विभाषिकतेमुळे बुद्धी मंदावते, या मताला हा मोठा धक्का होता.

(१२) लँबर्ट आणि सहकाऱ्यांचा १९६० चा आणखी एक प्रयोग येथे महत्त्वाचा आहे. दोन्ही भाषा अस्खलित बोलणाऱ्या व्यक्तींचा आवाज एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये ध्वनिमुद्रित केला गेला. ऐकणाऱ्यांना हे एकच लोक आहेत याची कल्पना दिली नाही आणि आवाजावरून माणसाचे गुण ओळखण्यास सांगितले. इंग्रजी भाषक विद्यार्थ्यांनी इंग्रजी आवाजाला अनेक गुणांत झुकते माप दिले, हे अपेक्षित होते. परंतु फ्रेंच भाषक विद्यार्थ्यांनीही तेच केले. स्वतःच्याच भाषेतील आवाज त्यांना कमी प्रतीचा वाटला. भाषेची प्रतिष्ठा माणसाच्या मनात किती खोल उतरलेली असते, याचा हा पुरावा होता. पुढील कथेसाठी तो ध्यानात ठेवावा.

(१३) पालकांनी याच लँबर्ट यांचा सल्ला घेतला. मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचे जगप्रसिद्ध मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांच्याकडेही ते गेले. बालवयातील मेंदू भाषा ग्रहण करण्यास अधिक अनुकूल असतो, म्हणून परभाषा लवकर आणि प्रत्यक्ष वापरातून शिकवावी, असे पेनफिल्ड यांनी १९५९ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. एका उपनगरातील पालक दोन ख्यातनाम शास्त्रज्ञांचा पाठिंबा घेऊन शाळा मंडळासमोर उभे राहिले, ही बाब लक्षणीय आहे. मंडळाने मात्र सहजासहजी मान्यता दिली नाही. दरम्यान पालकांनी स्वखर्चाने शाळेव्यतिरिक्त वेळेत फ्रेंचचे वर्ग चालवले, सभा घेतल्या आणि वृत्तपत्रांत विषय जागता ठेवला.

(१४) अखेर मंडळाने एका प्रायोगिक वर्गास परवानगी दिली. १९६५ च्या वसंतात नोंदणी झाली आणि २६ जागा काही मिनिटांतच भरल्या. या नोंदणीचा अर्थ नीट समजून घ्यावा. सही करणाऱ्या आईवडिलांना ठाऊक होते की, मूल पहिली पूर्ण करील तेव्हा त्याला शाळेने इंग्रजी वाचायला शिकवलेले नसेल. प्रयोग फसला तर गेलेली वर्षे परत मिळणार नव्हती. पुढच्या इयत्तेचा वर्ग मिळेल याचीही हमी नव्हती. आजी-आजोबा, शेजारी आणि काही शिक्षक यांच्या शंका होत्याच. एक सिद्धांत तपासण्यासाठी त्यांनी स्वतःचे मूल पणाला लावले होते.

(१५) वर्गाची आखणी अशी होती. बालवाडीत शिक्षिका फक्त फ्रेंच बोले. मुले मात्र आरंभी आपापसांत आणि तिच्याशीही इंग्रजीत बोलू शकत. 'इंग्रजी बोललात तर शिक्षा' असा प्रकार नव्हता. पहिलीत वाचन-लेखनाचा श्रीगणेशा फ्रेंचमधून झाला आणि गणितही फ्रेंचमधूनच. दुसरीपासून इंग्रजी भाषेचे तास सुरू झाले. पुढे दरवर्षी इंग्रजीचा वाटा वाढत गेला आणि प्राथमिक शाळेच्या अखेरीस दिवसाचा जवळपास अर्धा भाग इंग्रजीत आला. म्हणजे मातृभाषेला शाळेतून हद्दपार केले नव्हते. तिचा प्रवेश थोडा पुढे ढकलला होता आणि तो ठरलेला होता.

(१६) लँबर्ट यांनी प्रयोगाचे सातत्याने मोजमाप केले. या कामात रिचर्ड टकर हे संशोधक त्यांच्यासोबत होते. पहिल्या तुकडीबरोबरच पुढच्या वर्षीच्या तुकडीचाही अभ्यास झाला. तुलनेसाठी इंग्रजी शाळांतील इंग्रजी भाषक मुलांचा आणि फ्रेंच शाळांतील फ्रेंच भाषक मुलांचा गट घेतला. दरवर्षी इंग्रजी, फ्रेंच, गणित, बुद्धिमत्ता आणि दुसऱ्या समाजाविषयीची वृत्ती यांच्या चाचण्या झाल्या. हे निष्कर्ष १९७२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्याच ग्रंथाच्या परिशिष्टात ओल्गा मेलिकॉफ यांनी पालकांच्या लढ्याची हकिगत लिहिली.

(१७) निष्कर्ष काय निघाले? पहिलीच्या अखेरीस मुले इंग्रजी वाचनात अपेक्षेप्रमाणे मागे होती. इंग्रजीचे तास सुरू झाल्यावर ही तूट झपाट्याने भरून निघाली. शुद्धलेखनातील उणीव तेवढी अधिक काळ टिकली. प्राथमिक शाळेची वरची इयत्ता गाठेपर्यंत त्यांचे इंग्रजी इतर इंग्रजी शाळांतील मुलांच्या बरोबरीचे झाले. गणित फ्रेंचमधून शिकूनही इंग्रजी भाषेतील गणिताच्या चाचणीत ती मागे पडली नाहीत. बुद्धिमत्तेवर कोणताही विपरीत परिणाम दिसला नाही. फ्रेंच ऐकून समजण्यात ती फ्रेंच भाषक मुलांच्या जवळ पोहोचली. नेहमीच्या तासांतून फ्रेंच शिकणाऱ्या मुलांपेक्षा तर ती कितीतरी पुढे होती.

(१८) यशाला मर्यादाही होत्या. बोलण्यात आणि लिहिण्यात इमर्शनची मुले मूळ भाषकांइतकी सफाईदार झाली नाहीत. मराठीप्रमाणे फ्रेंचमध्येही निर्जीव वस्तूंना व्याकरणिक लिंग असते आणि या मुलांच्या लिंगाच्या चुका वरच्या इयत्तांतही सुटत नसत. ओंटारिओतील संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये याचे एक कारण मांडले. वर्गात मुले फ्रेंच भरपूर ऐकतात, पण नेमके आणि अचूक बोलण्याची सक्ती त्यांच्यावर फारशी होत नाही. नुसते ऐकून भाषा पूर्ण येत नाही, ती घडवून बोलावी लागते, हा भाषाशिक्षणातील महत्त्वाचा विचार अशा रीतीने इमर्शनच्या उणिवेतून जन्मला.

(१९) दुसरी मर्यादा अधिक विचार करायला लावणारी आहे. वर्गात फ्रेंच होते, पण शिक्षिकेखेरीज फ्रेंच भाषक कोणी नव्हते. सारे वर्गमित्र इंग्रजी घरांतलेच होते. आरंभीच्या वर्षांत फ्रेंच समाजाविषयी या मुलांची वृत्ती अधिक अनुकूल दिसली, परंतु हा परिणाम पुढे फिका पडत गेला. भाषा आली तरी फ्रेंच मित्र फारसे झाले नाहीत. शाळांची विभागणी तशीच राहिली होती. अभ्यासगटातील पालकांना कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यापर्यंत पोहोचायचे होते. शाळेने मुलांना त्याची भाषा दिली, त्याची संगत देणे एका वर्गाच्या हाती नव्हते.

(२०) तरीही हा प्रयोग देशभर पसरला. १९६९ च्या कायद्याने संघराज्य सरकारात इंग्रजी आणि फ्रेंच यांना समान दर्जा मिळाला, सरकारी नोकरीत द्विभाषिकतेचे मोल वाढले आणि १९७० पासून शिक्षणासाठी संघराज्याचा निधी येऊ लागला. १९७७ मध्ये 'कॅनेडियन पॅरेंट्स फॉर फ्रेंच' ही पालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. फ्रेंच शब्द कानावर क्वचितच पडतो अशा पश्चिमेकडील प्रांतांतही वर्ग निघाले. आज कॅनडात ४ लाखांहून अधिक विद्यार्थी फ्रेंच इमर्शनमध्ये आहेत. काही शहरांत प्रवेशासाठी पालकांनी रात्रभर रांगेत काढल्याचे प्रसंग घडले. काही ठिकाणी तर सोडत काढावी लागली.

(२१) लोकप्रियतेबरोबर टीकाही आली. पुरेसे फ्रेंच शिक्षक मिळत नाहीत, ही तक्रार जुनी आहे. अभ्यासात अडचणी असणारी आणि नव्याने आलेल्या स्थलांतरितांची मुले इमर्शनमध्ये तुलनेने कमी दिसतात. सुस्थित, जाणत्या पालकांची मुले एका वर्गात आणि उरलेली दुसऱ्या, असे एकाच सरकारी शाळेत दोन थर पडतात, असा आक्षेप अनेक अभ्यासकांनी घेतला आहे. दोन समाजांतील भिंत ओलांडण्यासाठी निघालेली योजना काही ठिकाणी एकाच समाजात नवी भिंत उभी करू लागली.

(२२) खुद्द क्वेबेकमध्ये वेगळेच वादळ उठले होते. स्थलांतरित आपल्या मुलांना इंग्रजी शाळांत घालतात, म्हणून फ्रेंच संपेल, ही भीती तेथील फ्रेंच समाजाला होती. मॉन्ट्रियलच्या सेंट लेओनार भागात इटालियन कुटुंबांच्या मुलांच्या शाळेच्या भाषेवरून १९६८-६९ मध्ये संघर्ष पेटला आणि सप्टेंबर १९६९ मध्ये दंगल झाली. अखेर ऑगस्ट १९७७ मध्ये 'विधेयक १०१' म्हणून प्रसिद्ध असलेली फ्रेंच भाषेची सनद कायदा बनली. स्थलांतरितांच्या मुलांना फ्रेंच शाळा बंधनकारक झाली. आज पुण्याहून वा नागपूरहून मॉन्ट्रियलला कायमच्या वास्तव्यासाठी जाणाऱ्या मराठी कुटुंबालाही सार्वजनिक शाळेसाठी सर्वसाधारणपणे हाच नियम लागू होतो. सेंट लँबर्टच्या पालकांना होती ती निवड त्यांच्यापुढे नसते.

(२३) आता मूळ प्रश्नाकडे वळू. 'लहानपणीच परभाषेत बुडवा, मातृभाषेचे काही बिघडत नाही' हा सेंट लँबर्टचा निष्कर्ष म्हणून सांगितला जातो. पण त्याच देशात, त्याच वर्षी, आणखी काही हजार मुले पूर्णपणे परभाषेत बुडवली जात होती. ती होती आदिवासी मुलांच्या निवासी शाळांतील मुले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकापर्यंत चाललेल्या या शाळांत सुमारे दीड लाख मुले गेली. त्यांना आईवडिलांपासून तोडले जाई आणि स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होई. अनेक समाजांत भाषेची परंपरा त्यामुळे तुटली. २०१५ मध्ये सत्य आणि समेट आयोगाने या व्यवस्थेस सांस्कृतिक वंशसंहार म्हटले.

(२४) दोन्हीकडे मुले कोवळ्या वयाची होती आणि शाळेची भाषा परकी होती. परिणाम मात्र उलट झाले. मेंदूच्या लवचिकतेने हा फरक उलगडत नाही, सत्तेच्या आणि प्रतिष्ठेच्या विचाराने उलगडतो. सेंट लँबर्टचे मूल दुपारी घरी परते ते इंग्रजीत. दूरदर्शन, सिनेमा, व्यापार, विद्यापीठ, शेजारची अमेरिका, सारे इंग्रजीत होते. त्या भाषेला कोणी कमी लेखत नव्हते, आणि दुसरीपासून शाळाही ती शिकवणार होती. निवासी शाळेतील मुलाकडून घर, भाषा आणि त्या भाषेविषयीचा आदर हे तिन्ही एकाच वेळी काढून घेतले गेले होते.

(२५) हा भेद खुद्द वॉलेस लँबर्ट यांनीच १९७० च्या दशकात नेमक्या संज्ञांत मांडला. जेथे पहिली भाषा सुरक्षित असते आणि दुसरी तिच्यात भर घालते, तेथे 'बेरजेची द्विभाषिकता'. जेथे दुसरी भाषा पहिलीची जागा बळकावते, तेथे 'वजाबाकीची द्विभाषिकता'. इमर्शन प्रबळ भाषेच्या मुलांना मानवते, कारण त्यांना गमावण्यासारखे थोडे असते. दुर्बल भाषेच्या मुलांसाठी शाळेने आधी त्यांच्या स्वतःच्या भाषेला बळ द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. फ्रेंच विद्यार्थ्यांना स्वतःच्या भाषेतील आवाज हलका वाटला होता, तो १९६० चा प्रयोग करणाऱ्या संशोधकाने असे म्हणावे, यात आश्चर्य नाही.

(२६) या विचाराचा पुढचा टप्पा सेंट लँबर्टच्याच बाजूच्या नदीकाठी दिसतो. तेथे मोहॉक लोकांची काहनावाके ही वसाहत आहे. तेथील मुले इंग्रजी बोलत मोठी होत होती आणि मोहॉक भाषा वृद्धांपुरती उरत चालली होती. १९८० च्या दशकात तेथे मोहॉक माध्यमाचे इमर्शन वर्ग सुरू झाले. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी १९८२ मध्ये 'कोहांगा रेओ' म्हणजे 'भाषेची घरटी' या नावाने माओरी भाषेतील बालवाड्या काढल्या. प्रबळांच्या मुलांना जादा भाषा देणारी पद्धत आता हरवत चाललेली स्वतःची भाषा परत मिळवण्यासाठी वापरली जाऊ लागली.

(२७) महाराष्ट्रात शाळेच्या माध्यमाची चर्चा निघाली की, 'मुले लहानपणी कोणतीही भाषा उचलतात' हे वाक्य हमखास ऐकू येते. सेंट लँबर्टचा पुरावा त्या वाक्याला आधार देतो, पण अटींसह. त्या वर्गाच्या शिक्षिकेची फ्रेंच अस्खलित होती, मातृभाषेचे तास दुसरीपासून सुरू होऊन दरवर्षी वाढत होते, आणि ती मातृभाषा न्यायालयापासून बाजारापर्यंत प्रतिष्ठित होती. मराठी घरातून इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत यांपैकी किती अटी पूर्ण होतात, हे तपासल्यावाचून कॅनडाचा दाखला पुढे करणे इतिहासाला धरून होणार नाही. २०२० मध्ये राज्याला सर्व शाळांत मराठी विषय सक्तीचा करणारा कायदा करावा लागला, ही वस्तुस्थितीही या तपासणीत धरावी.

(२८) सेंट लँबर्टच्या पालकांचे श्रेय यामुळे उणावत नाही. ज्या भाषेवाचून त्यांचे काहीही अडत नव्हते, त्या आपल्या शेजाऱ्यांच्या भाषेसाठी त्यांनी मुलांचा पहिला वर्ग देऊ केला, आणि प्रबळ भाषेच्या माणसांनी असे करणे इतिहासात विरळाच. प्रयोगाची काटेकोर मोजणी झाली म्हणून त्याचे यश आणि त्याच्या मर्यादा दोन्ही आज सांगता येतात. मुलाचे नाव नोंदवताना त्या पालकांनी 'दुसरी भाषा किती लवकर?' एवढेच विचारले नव्हते. 'पहिली भाषा शाळेत केव्हा येईल?' याचेही उत्तर त्यांनी आधीच ठरवून घेतले होते. शाळा निवडणाऱ्या कोणत्याही घराने हे दोन्ही प्रश्न एकत्रच विचारावेत. (समाप्त)